कडीच्या उजवीकडे

रामा मयेकरची ट्रंक गणपतीच्या तोंडावर एसटीच्या टपावरून मिऱ्याला आली. ट्रंक आली, रामा आला नाही. तो मालवाहू जहाजावर ऑइलर होता, इंजिनाच्या तेलपाण्याला. शिमग्याच्या सुमारास, तिकडे युरोपच्या बाजूला समुद्र खवळलेला असताना, तो डेकवरून नाहीसा झाला. त्याला पडताना कोणी पाहिलं नाही. पाळी बदलली, वर यायचा माणूस वर आला नाही, आणि शोधाशोध झाल्यावर जहाज आपल्या वाटेनं पुढे गेलं.

ही बातमी घरी पोचायच्या आधीच कळली ती मथुराला, त्याच्या थोरल्या बहिणीला. ती रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या दिवशी दुपारी मुंबईहून अर्जंट कॉल आला. मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याचा नंबर मागितला होता, आणि बोलायचं होतं फोरमन आप्पा मयेकरांशी. म्हणजे तिच्याच वडलांशी. तिनं बोर्डावरची दोरी उचलून भोकात खोचली, लाइन लागली का ते बघायला कानाशी ऐकत राहिली, आणि कंपनीचा माणूस काय सांगतोय ते आप्पांच्या बरोबरीनं तिनंही ऐकलं. आप्पा एवढंच म्हणाले, "बरं. बरं साहेब." मग लाइन सुटली. पुढचा दिवा लागला होता, कोणाला तरी चिपळूण हवं होतं. तिनं चिपळूण जोडून दिलं.

आई, गोदूबाई, ती बातमी मानायलाच तयार नव्हती. "हरवला म्हणतायत, मेला कुठं म्हणतायत," असं ती म्हणायची, आणि रात्री जेवणं झाली की बांगड्याची एक तुकडी आणि मूठभर भात झाकून ठेवायची. सकाळी तो भात कावळ्यांना जायचा नाही, कोंबड्यांना जायचा. कावळ्याला घालणं म्हणजे मान्य करणं झालं असतं. आप्पांनी एकदोनदा भटजींचा विषय काढला. गोदूबाई उठून मागच्या दारी निघून गेली. मग त्यांनी तो काढायचा सोडला.

ट्रंकेत कपडे होते, एक ट्रान्झिस्टर होता, आईसाठी घेतलेली शाल होती. आणि तळाशी, बनियनमध्ये गुंडाळलेली एक लाकडी पेटी. मथुरानं ती उघडली आणि तशीच जमिनीवर बसली.

मथुरा रायफल मारायची. कॉलेजात एनसीसीत असताना हातात आलेली बंदूक तिनं नोकरी लागल्यावरही सोडली नव्हती. लग्नाचं जमलं नाही, पुढे तो विषय निघेनासा झाला, आणि रविवारची सकाळ क्लबमध्ये जाऊ लागली. क्लब म्हणजे सड्यावरची, उघड्या कातळाच्या माळावरची, एक बंद पडलेली चिरेखाण. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली जांभ्या दगडाची लाल भिंत, तिच्यापुढे बांबूच्या चौकटीत टार्गेटं, आणि अलीकडे ताडपत्रीच्या छपराखाली पालथं पडायला गोणपाट. राज्याच्या स्पर्धेत ती दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा मागे पडली होती. बाकीच्यांच्या रायफलींवर पीप साइट होती, हिच्या क्लबच्या रायफलीवर कारखान्यातून आलेली साधी खाच. खाच, टोकाचा काटा आणि लांबचा काळा गोल, तिन्ही एकदम नीट दिसत नाहीत. एक साफ दिसलं की दुसरं पुसट होतं. पीपचं तसं नसतं. मागच्या चकतीतल्या बारीक भोकाला डोळा लावायचा, बंदुकीच्या टोकाला कडी असते, त्या कडीत टार्गेटचा काळा गोल बसवायचा. सगळं लख्ख.

दुसऱ्या वेळी ती हरून आली तेव्हा रामा सुट्टीवर घरी होता. तो म्हणाला होता, "तायडे, जर्मनीच्या बंदरात लागलो की तुझ्यासाठी बघतो."

पेटीत तीच साइट होती. मागची पीप, पुढे कडी बसवायची आखूड नळी, वेगवेगळ्या मापाच्या कड्या, सगळं मखमलीच्या खाचांत बसवलेलं.

दिवाळी झाली, सड्यावरचं गवत पिवळं पडलं, तेव्हा ती पेटी घेऊन क्लबमध्ये गेली. क्लबचं सगळं सुभेदार हरिश्चंद्र भाटकर बघायचे. फौजेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. रायफली त्यांच्या ताब्यात, लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला. त्यांनी पेटी बघितली. शिकंज्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले, रायफल त्यात धरली आणि म्हणाले, "तुझी तू बसव. मारायचीय तुला."

रायफलीच्या पाठीवर खाचा होत्या, पण साइटची पकड त्यांच्यावर किंचित ढिली बसत होती. मथुरानं बिस्किटाच्या डब्याचा पातळ पत्रा कातरून मधे घातला, स्क्रू आवळला, हलवून बघितली, पुन्हा काढली, पत्रा आणखी बारीक केला. पुढचा जुना काटा काढून नळी बसवायला तासभर गेला. शेवटचा स्क्रू आवळताना तिच्या लक्षात आलं की ही पेटी उघडणारा शेवटचा हात रामाचा होता. स्क्रूच्या खाचेत तेल होतं. ते त्यानंच लावलं असणार, खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून.

पहिल्या गोळ्या खाली आणि डावीकडे गेल्या. तिनं मळसूत्राची बटणं फिरवली. एकेका टिचकीसरशी साइट केसभर सरकायची. थोडं वर, थोडं उजवीकडे. गोळ्या काळ्या गोलात येऊ लागल्या. तिनं नवी गोळी भरली, गालाला लाकूड टेकवलं, भोकातून बघितलं आणि बोट ट्रिगरवरून काढलं.

टार्गेटच्या उजवीकडे, भिंतीच्या खालच्या पायरीवर, एक माणूस बसला होता. निळा शर्ट. पाठ इकडे.

"सुभेदार, माणूस आहे पुढे," तिनं बोल्ट उघडला आणि मान वर केली.

पायरी मोकळी होती.

सुभेदार शिट्टी वाजवत टार्गेटपर्यंत गेले, भिंतीच्या कडेनं फिरून आले. खाणीला त्या बाजूनं वाटच नाही. "गुराखी असंल, वरून डोकावला असंल," ते म्हणाले. मथुरानं पुन्हा डोळा लावला. माणूस तिथेच होता. डोकं थोडं डाव्या बाजूला कललेलं, दोन्ही तळवे दगडावर टेकलेले. असा बसणारा एकच माणूस तिला माहीत होता. धक्क्यावर गरी टाकून तो तासन्‌तास असाच बसायचा.

तिनं सुभेदारांना बघायला सांगितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवत पालथे पडले, बराच वेळ बघत राहिले. "टार्गेट दिसतंय. साफ दिसतंय. भारी चीज आहे ही."

"काचेवर काही डाग दिसतो का? उजवीकडे?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "यात काचच नाय, मथुरा. नुसतं भोक आहे."

त्या दिवशी ती आणखी काही न मारता घरी आली. घरी कोणाला सांगितलं नाही. आठवडाभर एक्स्चेंजमध्ये दोऱ्या खोचता खोचता तिच्या डोळ्यांपुढे तो निळा शर्ट येत होता. डोळ्यांचे डॉक्टर काहीतरी नाव सांगतील आणि थेंब देतील, असं तिनं स्वतःला समजावलं. पण डॉक्टरकडे ती गेली नाही. डॉक्टरनं खरंच थेंब दिले आणि तो दिसेनासा झाला तर काय, हा विचार तिच्या मनात आला, आणि आपल्याला भीती कशाची वाटते हे तिचं तिला कळलं.

पुढच्या रविवारी तो होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग ती सकाळची ड्यूटी संपवून दुपारीही सड्यावर जाऊ लागली. सुभेदार कपाट उघडून द्यायचे आणि छपराच्या सावलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचे. मथुरा गोणपाटावर पालथी पडायची, डोळा लावायची आणि बघत राहायची. उन्हानं दगड तापायचा, टार्गेटापुढची हवा थरथरायची. टार्गेटचा कागद डुलल्यासारखा दिसायचा, तो मात्र थरथरायचा नाही. एकदा तो उभा होता. पायात चपला नव्हत्या, आणि पँट पोटऱ्यांपर्यंत ओली होती, उन्हात वाळतच नसल्यासारखी. मथुराला वाटलं, हा आता वळेल. वळला की तोंड दिसेल. त्या आशेवर ती मान दुखेपर्यंत पडून राहिली. हाक मारावी असं अनेकदा ओठांवर आलं, पण सुभेदार मागे बसलेले असायचे, आणि खरं सांगायचं तर हाकेनं तो उठून निघून गेला तर ते तिला सोसलं नसतं.

गोळ्या मात्र डब्यात तशाच राहत होत्या.

एके दिवशी सुभेदारांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जानेवारीत मुंबईला मॅच आहे. नाव तुझं दिलंय मी. पण तू बार टाकत नाहीस. नुसती बघत बसतेस. काय बघतेस?"

मथुरानं बोल्ट काढून त्यांच्या हातात दिला.

सुभेदार मिरकरवाड्यात मासळीला गेले तेव्हा बर्फाच्या कारखान्यात डोकावले, आणि जे बघितलं होतं तेवढंच आप्पांना सांगितलं. पोरगी टार्गेटच्या उजवीकडे माणूस आहे म्हणते, आणि बार टाकत नाही. आप्पा रात्री जेवताना हे बोलले. हळू बोलले, पण घर लहान होतं.

गोदूबाई भात झाकून ठेवत होती. तिचा हात थांबला. "कोण दिसतो गो तुला?"

मथुरा ताटाकडे बघत राहिली.

"मथे, मी काय विचारतंय?"

"रामा," मथुरा म्हणाली.

आप्पा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. गोदूबाईनं झाकण नीट बसवलं, हात पदराला पुसले. "उद्या मला घेऊन चल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा सड्याच्या चढाखाली थांबली आणि तिथून गोदूबाई चालत वर आली. एका जागी दम खायला थांबली, तेवढंच. सुभेदारांनी तिला बसायला खुर्ची दिली, तिनं ती नको म्हटली. त्यांनी रायफल आणली, बोल्ट काढून खिशात घातला, आणि रिकामी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून ते लांब, आंब्याच्या कलमांकडे निघून गेले.

लुगड्याचा काचा आवळून गोदूबाई गोणपाटावर पालथी झाली. तिला एक डोळा मिटता येत नव्हता. एक मिटायला गेलं की दुसराही मिटायचा. शेवटी मथुरा तिच्या शेजारी आडवी झाली आणि तिनं आईच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला. "भोकातून बघ. पुढे कडी दिसेल. कडीत काळा गोल."

"दिसतो."

"आता कडीच्या उजवीकडे."

 तळव्याखाली तिच्या पापण्या फडफडताना मथुराला जाणवत होत्या. मग त्या थांबल्या. खाणीत वारा शिरला, टार्गेटचा कागद वाजला. आईचा श्वास इतका संथ झाला की मथुराला वाटलं तिला झोप लागली. तळवा ओला झाला तेव्हा कळलं की ती जागी आहे.

"काढ हात," बऱ्याच वेळानं गोदूबाई म्हणाली. उठून बसली, अंगावरचं गवत झटकलं. "पाठमोरा हाय."

"होय."

"तुला कधी तोंड दिसला?"

"नाही."

"हाक मारलीस?"

"नाही मारली, आये."

"मी मारली. मनातल्या मनात, पण मारली. लहानपणी बंदरावर पोरांच्या घोळक्यात असला ना, तरी माझी हाक त्याला ऐकू जायची. कसा वळायचा, बघितलायस तू." गोदूबाई पदरानं तोंड पुसत होती. "येणारा माणूस तोंड करून येतो गो. हा येत नाय. आपण जाऊ देत नाय म्हणून तिथं थांबलाय. उन्हात."

उतरताना ती मथुराच्या खांद्याला धरून चालत होती. अर्ध्या उतारावर म्हणाली, "पाय उघडे होते त्याचे. आणि पँट किती ओली. वाळत कशी नाय."

मथुरा जागच्या जागी थांबली. हे तिनं सुभेदारांना सांगितलं नव्हतं, आप्पांना नाही, कोणालाच नाही.

घरी आल्यावर गोदूबाईनं चूल पेटवण्याआधी आप्पांना सांगितलं, "भटजींना बोलवा."

देह नसला की दर्भाचा माणूस करतात. भटजींनी दर्भ आणि पळसाची पानं घेऊन मिऱ्याला समुद्राकाठच्या पुळणीवर तो बांधला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. मथुराला वाटलं होतं की ते बघवणार नाही, पण तो बांधला जात असताना तिनंच पानं पुढे केली. आप्पांनी अग्नी दिला. सुका दर्भ भुरकन पेटला आणि विझलाही लवकर. माणसाच्या मानानं फारच लवकर, असं तिला वाटलं. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा कावळा यायला वेळ लागला. सगळे मनातल्या मनात काय काय कबूल करत उभे होते. गोदूबाई पुढे झाली, हात जोडून पुटपुटली, "मी ठेवणार नाय आता भात झाकून." कावळा माडावरून उतरला.

त्यानंतर मथुराला सड्यावर जायचा धीर होईना. सुभेदारांनी निरोप धाडला, मग दुसरा धाडला. शेवटी ती गेली, पालथी पडली, आणि डोळे मिटूनच गालाला लाकूड टेकवलं. मग उजवा उघडला.

पायरी मोकळी होती. ऊन पडलेलं, दगडाला शेवाळ्याचे वाळलेले काळे डाग, बस. तिनं बराच वेळ बघितलं. मग गोळी भरली आणि मारली. त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस ती मारतच राहिली. सुभेदार दुर्बिणीतून बघून मान हलवायचे. समाधानानं हलवतात की नाही ते कळायचं नाही.

मुंबईच्या रेंजवर ती गेली तेव्हा सोबत सुभेदार आणि त्यांची बायको होती. सिमेंटच्या ओट्यांवर ओळीनं बायका पालथ्या पडलेल्या, कातड्याची जाकिटं घातलेल्या. मथुरानं रामाचं जुनं जाड स्वेटर घातलं होतं, कोपरांना गोणपाटाचे तुकडे शिवून. हिच्या रायफलीवरची साइट बघून शेजारची एक बाई म्हणाली, "छान आहे. कुठून मागवलीत?"

"भावानं आणली," मथुरा म्हणाली.

सरावाच्या गोळ्या बऱ्या गेल्या. मॅच सुरू झाली. कडीत काळा गोल लख्ख बसत होता, श्वास अर्धा सोडून ती बोट दाबत होती, सगळं शिकवलं तसं. पहिलं टार्गेट बदलायला थांबले तेव्हा सुभेदार मागून वाकले.

"सगळ्या डावीकडे जातायत. एका जागी जातायत, पण डावीकडे. वारा नाय आज. काय करतेस?"

तिला कळेना. तिनं पुन्हा डोळा लावला, आणि मग लक्षात आलं. कडी गोलावर बसवताना ती दर वेळी केसभर डावीकडे ठेवत होती. उजवीकडची बाजू सोडून. इथे खाण नव्हती, पायरी नव्हती, नुसता मातीचा ढिगारा आणि त्यावर उगवलेली रानकेळ. पण तिचा हात तिथे कोणालातरी जागा सोडत होता. कोणाला लागू नये म्हणून.

"साइटला दोन टिचक्या दे उजवीकडे," सुभेदार म्हणाले. "बटण फिरव आणि मार. वेळ चाललाय."

मथुराचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. साइट उजवीकडे न्यायची म्हणजे गोळी उजवीकडे न्यायची. ती तशीच पडून राहिली. शेजारून बार होत होते, जळक्या दारूचा वास नाकात येत होता. कडीच्या उजवीकडे तिनं बघितलं. रानकेळीचं एक फाटकं पान हलत होतं. त्याच्यामागे कोणी नव्हतं. नाही हे तिला ठाऊक होतं. सड्यावर बघितलं होतं, पुळणीवर दर्भ जळताना बघितलं होतं. तरी ती ओठ न हलवता म्हणाली, "रामा, सर बाजूला."

बटण वाजलं. पुन्हा वाजलं.

पुढची गोळी मधे गेली. त्यापुढचीही. तिचे डोळे भरून आले होते आणि बारीक भोकातून पाण्याआड काळा गोल फुगल्यासारखा दिसत होता, म्हणून ती मधेच थांबून स्वेटरच्या बाहीला डोळा पुसायची आणि पुन्हा मारायची. शिट्टी झाली तेव्हा तिची शेवटची गोळी नुकतीच सुटली होती.

ती तिसरी आली. पहिल्या टार्गेटवर गेलेले गुण भरून निघाले नाहीत. सुभेदारांच्या बायकोनं तिला शहाळं पाजलं, आणि सुभेदार पहिल्यांदाच जरा जास्त बोलले. फौजेत असताना आपणही एकदा असेच डावीकडे मारत होतो म्हणाले, पण का ते सांगितलं नाही.

सकाळी एसटी रत्नागिरीला पोचली तेव्हा आप्पा स्टँडवर उभे होते. तिनं कपड्यांची पिशवी खांद्यावरून उतरवली. "तिसरा नंबर," ती म्हणाली. आप्पांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. वाटेत त्यांनी बंदरावरच्या लाँचींची, बर्फाच्या मशीनची तिनं न विचारताच माहिती दिली. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तुझ्या आयशीला काल झोप लागली. पुरी रात्र."

मथुरा पुढे पुष्कळ वर्षं मारत होती. क्लबमध्ये नवी मुलं आली, नव्या रायफली आल्या, पण तिनं ती साइट बदलली नाही. पहिला बार टाकण्याआधी ती थोडा जास्तच वेळ नुसती बघत राहायची. नव्या मुलांना वाटायचं, बाई श्वास सावरतायत, आणि मुलंही तशीच थांबायला शिकली. कडीच्या उजवीकडे मथुरा काय बघते हे सुभेदारांना माहीत होतं. ते तेवढा वेळ वर्तमानपत्राचं पान उलटत नसत.